दीड वाजताची लाल ओळ

हिंगोली,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

प्रिय प्रतिक्षा,

सप्रेम जय भीम. डोंगरकड्याला सगळे बरे असतील. आईंचा गुडघा कसा आहे? हळदीला पाणी देणं चालू असेल.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र तुमच्या गावी निघालेल्या भागूमावशींच्या हाती देते आहे. जे जसं दिसलं तसंच क्रमाने लिहिते. मध्येच फाडू नकोस.

आपल्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बावीस कॉम्प्युटरांचा बॅकअप सर्व्हरवर घ्यायचं काम माझं. रात्री तो घेता येत नाही, कारण आपला वॉचमन शंकरसिंग संध्याकाळी सहा वाजता मेन स्विच पाडतो. समजवायला गेले तर म्हणाला, "शॉर्टसर्किट झालं तर मलाच धरतील ना? मग काहून चालू ठेवू?" म्हणून मी जेवणाची सुट्टी धरली. दीडला बावीसही एकदम सुरू, दोनला बंद, ओपीडीला अडचण नको. मग यादी बघायची. झालेल्याची ओळ हिरवी, राहिलेल्याची लाल. रोज एकवीस हिरव्या आणि एक लाल. तुझी.

आठवडाभर वाटलं, मशीनच खराब असेल. मग मला तू दिसायला लागलीस. मी जवळून गेले की मॉनिटर भिंतीकडे फिरवायचीस. सगळे डबे उघडायचे तेव्हा तू टेबलाखाली वाकलेली. "काय करून राहिलीस?" मी विचारलं. "काही न्हाई ताई, वायर बराबर हाय का बघून राहिले." चोर याहून वेगळं काय बोलणार, असं मी मनात म्हटलं. त्या दिवसापासून मी डबा घेऊन जिन्यात बसायला लागले, कारण तिथून तुझे पाय दिसायचे. कधी वाकलीस, कधी उठलीस, सगळं वहीत लिहायचे. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते.

ऑक्टोबरात तुझी हार्ड डिस्क बंद पडली. दीड वर्षाच्या शिबिरांतले पेशंटच्या डोळ्यांचे फोटो गेले. अमृतराव साहेबांनी विचारलं, बॅकअप कुठे आहे? मी लाल ओळींचा गठ्ठा आणि ती वही पुढे केली. "बॅकअपच्या वेळी ती वायर काढते," मी म्हणाले. तुम्ही स्वतः पाहिलंत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

पाहिलं नव्हतं.

तुला घरी बसवलं आणि तुझ्या जागी भीमराज आला. नवा कॉम्प्युटर, कोरी डिस्क. बावीसही ओळी हिरव्या. मी त्या सगळ्यांना दाखवत फिरले. मग सेनगावचं शिबिर झालं, औंढ्याचं झालं, त्याच्याकडे फोटो साठले आणि तीच ओळ पुन्हा लाल. माझा संशय कुठवर गेला बघ. मला वाटलं, तूच त्याला फोनवरून शिकवत असशील.

परवा मी डबा घेऊन त्याच्या टेबलाला खेटून बसले, वायरीवर हात ठेवून. तो बिचारा म्हणाला, "ताई, मी तर जेवून राहिलो. वायरला हात बी लावला न्हाई." खरंच कुणी लावला नाही. बावीसही जण एकाच वेळी पाठवत होते, त्यामुळे कुणाचंच भराभर जात नव्हतं. ज्यांच्याकडे थोडं होतं ते आटपले. याच्याकडे ढीग होता. दोन वाजले तेव्हा साठ टक्के झालं होतं, आणि मीच लावलेल्या वेळेने ते तिथे तुटलं. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

काल बाकीचे एकवीस मी चारच्या चहाला ढकलले आणि दीडला त्याचा एकट्याचा सोडला. एकोणीस मिनिटांत ओळ हिरवी झाली.

म्हणजे तुझी ओळ लाल होती, कारण सगळ्या दवाखान्यात सर्वांत जास्त काम तू करत होतीस. आम्हा बाकीच्यांकडे पाठवायला फारसं काही नव्हतंच.

रोज वायर तपास, असं तुला मीच सांगितलं होतं. ते मला काल आठवलं, की आधीपासून आठवत होतं, याचा मला भरवसा नाही. सर्व्हर बसवणारा सांगून गेला होता, पाच-पाच करून लावा. मला बावीस ओळींत एकच वेळ छान दिसत होती. आणि खरं सांगू? कॉम्प्युटर विभाग तुझ्याकडे देणार, असं साहेब जुलैत बोलले होते. तेव्हापासून तुझी लाल ओळ बघून मला बरं वाटायचं. आता मी स्वतःवरच पाळत ठेवून आहे, आणि जे दिसतंय ते चांगलं नाही.

तू मॉनिटर का फिरवायचीस ते अजून कळलेलं नाही. विचारायचा हक्क नाही मला, तरी डोक्यातून जात नाही. असा माझा स्वभाव.

सोमवारी अकरा वाजता विश्वस्तांची बैठक आहे. तुला कायमचं काढायचा ठराव त्यात आहे. वेळ मी लावली होती आणि वायर काढताना तुला मी कधीच पाहिलं नव्हतं, हे मी उभी राहून सांगणार आहे. गेलेले फोटो त्याने परत येणार नाहीत. माझी नोकरी बहुतेक जाईल. साहेब म्हणाले, "झालं ते झालं मॅडम, आता काहून उकरता?" आणि कालपासून मला तीनदा वाटून गेलं की ते बराबर बोलतात. म्हणून माझ्या शब्दावर राहू नकोस. सोमवारी सकाळच्या एसटीने ये आणि माझ्यासमोर बस. तू समोर असलीस तर मला खोटं बोलता येणार नाही, असं आत्ता तरी वाटतं.

तुझ्यावर आळ घेणारी,
करुणा