अणू माझ्या देखरेखीखाली

३ मार्च, सकाळी ८
आजपासून नियमित रोजनिशी. प्रयोग पंधरा दिवसांत संपणार, नक्की. लेझरच्या उजेडाची अंड्यांच्या ट्रेसारखी जाळी करायची, खाचेखाचेत एकेक अतिथंड अणू बसवायचा, आणि चुंबकीय पदार्थाच्या पोटात काय चालतं ते बाहेरून बघायचं. एक अणू वर तोंड करून, शेजारचा खाली. असा बुद्धिबळाचा पट दिसला की काम फत्ते.
बायको-मुलगी तिकडे घरी, मी इथे खोलीवर. पीएचडीचं तिसरं वर्ष. फोनवर सांगितलं, पट दिसला की त्याच दिवशी निघतो. बायको म्हणाली, बरं. आवाजात उत्सुकता होती.

९ मार्च
पट दिसतो, पण पुसट. घोडं कुठे पेंड खातंय कळेना. ज्युनियरचं लक्ष नसणार. म्हटलं, आपला हात जगन्नाथ. स्टोअरमधून जुनी लोखंडी खुर्ची ओढत आणली आणि यंत्राला चिकटून बसलो.

१७ मार्च
रोज दहा तास यंत्राशेजारी. पट पार गेला, नुसता गोंधळ. एवढी देखरेख नसती तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

१९ मार्च, दुपार
कँटीनमध्ये एकटाच जेवलो. लॅबमधले बाकीचे चौघे पलीकडच्या टेबलावर. माझ्या विचारात व्यत्यय नको म्हणून. समजूतदार माणसं.

२४ मार्च
मुलीच्या शाळेत नाटक होतं. ती झाड झाली होती. गेलो नाही, प्रयोग ऐन रंगात आहे. बायकोला तापमान निरपेक्ष शून्याजवळ नेणं किती नाजूक असतं ते समजावत होतो. ती म्हणाली, भाजी करपतेय.
शेजारच्याने विरुद्ध दिशेला तोंड करणं आम्हा दोघांना घरच्या तापमानाला, लेझरशिवाय जमलं आहे. यावर पेपर होऊ शकतो.
खोलीत आल्यावर फार एकटं वाटलं. चुकून दोन कप चहा केला. दोन्ही प्यायलो.

२ एप्रिल
ताप. मी नसताना प्रयोगाचं कसं होणार, या काळजीनेच वाढतोय. गाइडना तसं कळवलं. म्हणाले, सावकाश बरे व्हा.

४ एप्रिल
पट आला! लख्ख! काल सकाळी. ज्युनियरने साफसफाई करताना माझी खुर्ची बाहेर काढली आणि तासाभरात अणू शहाण्यासारखे बसले. खुर्चीच्या लोखंडात चुंबकत्व भरलं होतं म्हणे. गाइड म्हणाले, हवी तेवढी रजा घ्या, घाई करू नका. कष्टांची कदर झाली.

५ एप्रिल, सकाळी ११
घरी फोन केला. सांगितलं, निघतोय, आता भरपूर दिवस. बायकोने लगेच फोन मुलीकडे दिला. आनंदाने शब्द फुटत नसतील. मुलीने विचारलं, बाबा, तू कुणाकडे उतरणार आहेस?
म्हटलं, घरीच की गं. ती म्हणाली, थांब, आईला विचारून सांगते.

दुपारी ४
बॅग भरून झाली. ती अजून विचारतेय.