बुरुजावर निवत चाललेली कॉफी

चिरंजीव फवाज यास थोरला भाऊ मुत्लक याचा सलाम आणि उदंड आशीर्वाद.

आईचे गुडघे कसे आहेत? तिकडे अकबा बंदराच्या दमट हवेत जास्त कुरकुरतात का? तुझ्या बायकोची, फिद्दाची कंबर? धाकट्या सगरचा दात पडला, की अजून लोंबतोय? तुझं पित्त मी विचारत नाही, कारण हे पत्र वाचून ते खवळणारच आहे. इकडे तुझी वहिनी ठीक, शेळ्या ठीक. तुझी लेक नौफा दिवसा शाळेत पोरांना शिकवते आणि घरी आल्यावर मला.

तू बजावलं होतंस, मी रजेवर येईपर्यंत माझ्या लेकीबद्दल कुणाला शब्द देऊ नकोस म्हणून. दोन महिने जिभेला गाठ मारून बसलो. पण गुरुवारी अबू रकान पिकअपमधून उतरला तो अंगात नवा झगा, मिशांना तेल! घरात लग्नाचा मुलगा, रकान, असलेला बाप असा नटून उगाच येतो का? आता हा तंबूत बसणार, कॉफीचा पेला तोंडाला न लावता समोर ठेवणार, की संपलं. मागणं कबूल झाल्याशिवाय पाहुणा पीत नाही, आणि पाहुण्याची कॉफी निवू देणाऱ्याने पुढे चारचौघांत तोंड दाखवू नये (आजोबांनी याच पायी एक लाखमोलाची घोडी घालवली). म्हणून त्याला दारातच धरलं. म्हटलं, चला, आधी रोमन फौजेचा सरहद्दीवरचा कोट दाखवतो. शेळी हरवल्याशिवाय मी कधी तिकडे फिरकलो नाही, पण त्या पडक्या कोटात चूल नाही नि किटली नाही!

"वरून काय दिसतं हो?" त्याने विचारलं. "बरंच," मी म्हटलं. (दगड दिसतात.) तो बुरुजावर चढला आणि त्याच्या पाठोपाठ जिना पायरी पायरी करत खाली कोसळला. धूळ बसली तेव्हा अबू रकान वर हातभर रुंद भिंतीवर, खाली तीन पुरुष खोली, आणि भिंतीतून खडे गळताहेत. इतकी शतकं उभा राहिलेला बुरूज नेमका माझ्या पाहुण्यासाठी थांबला होता!

माझ्या हाका ऐकून नौफा धावत आली, तंबूचा दोर आणि तुझ्या वहिनीने दिलेला कॉफीचा थर्मास घेऊन. पोरीने दोर असा भिरकावला की त्याने तो पकडून दगडाला बांधलाही. पण उतरेना. "काका, उन्हाने घेरी आलीय त्यांना. घोटभर पोटात जाऊ दे," म्हणत तिने थर्मास नि पेला दोराला बांधून वर धाडले. मी नको म्हणेपर्यंत त्याने पेला भरला.

आणि बाजूला ठेवला.

तो माझ्याकडे बघतोय. मी पेल्याकडे. एक दगड निखळून माझ्या पायाशी आला. "प्या हो, अबू रकान!" नाही. "काय हवं ते बोला तरी!" त्याचे ओठ हलले, वाऱ्यात काही ऐकू येईना. दुसरा दगड आला, चांगला बोकडाएवढा. फवाज, तू असतास तर काय केलं असतंस? मी ओरडलो, "दिली! नौफा दिली तुमच्या रकानला! आता प्या आणि उतरा!"

प्याला. आणि असा सरसर उतरला, की दोराने हात सोलले तरी त्याला कळलं नाही.

खाली येऊन त्याने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. म्हणाला, "भिंत धरायला दोन्ही हात हवे होते, म्हणून पेला ठेवला. मी आलो होतो मेंढ्यांसाठी या कोटातल्या टाक्याचं पाणी मागायला. पण देवाने मागितल्याहून जास्त दिलं!" मी म्हटलं, पाणीही न्या. नौफा पाठमोरी होऊन दोर गुंडाळत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, पोर रडतेय.

तिच्या मनाविरुद्ध काही होणार नाही, शब्द माझा गेला तरी चालेल. तसं तिला सांगितलंही. ती एवढंच म्हणाली, "आधी बाबांना लिहा."

तुझा भाऊ,
मुत्लक

ता. क. अबू रकानला मी सांगून बसलोय की नौफाचं लग्न ठरवायचं तुझं अधिकारपत्र माझ्याकडे आधीपासून आहे. तेवढं एक बुधवारच्या तारखेचं लिहून पाठव.

पुन्हा ता. क. लिहायचे कष्ट घेऊ नकोस. पाकिटावर पत्ता घालायला नौफाला दिलं, तर तिने अधिकारपत्र आतच ठेवलंय. रकानचं नाव आहे, माझं आहे, फक्त तुझ्या सहीची जागा मोकळी. कागदाच्या घड्या बघ, उघडून मिटून फाटायला आल्यात; हा काही गुरुवारनंतर लिहिलेला कागद नव्हे. तेव्हा सही कर आणि लगेच उलट टपाली धाड. पोर आतापासूनच पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय.