गंभीर साहित्य विभागाचा प्रमुख

नागपूर,
रविवार, दुपार

आदरणीय तुळसाताईस,

प्रेमानंदचा सप्रेम जयभीम. भाऊजींनाही सांग. तुझा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का आणि विहिरीवरची जळलेली मोटर नरखेडहून दुरुस्त होऊन आली का, ते कळव. मोसंबीला पाणी नसेल तर भाऊजींचं बीपी कुठवर गेलं असेल याची मला कल्पना आहे. आम्ही सगळे बरे आहोत. (फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. फोनवर तू मला स्पीकरवर टाकतेस, आणि इकडे मी बोलतो तेव्हा दीप्ती ऐकते. हा मजकूर दोन्हीकडे परवडणारा नाही.)

गोष्ट दीप्तीपासूनच सुरू होते. सून म्हणून घरात आली त्या आठवड्यात तिनं माझ्या हातात एक जाड ग्रंथ पाहिला आणि माहेरी फोन करून सांगितलं, की आमचे बाबा फार वाचतात. ग्रंथ जाड होता हे खरं. पण केशव चिरमाडे यांचा 'अस्तित्वाचा उंबरठा' हा सहाशे बारा पानांचा ग्रंथ मी फक्त बाहेरून वापरत होतो, आत एस. डी. बोरकुटे यांची रहस्यकादंबरी होती. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात एकतीस वर्षं मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या फाडल्या. ट्रक येईपर्यंत बोरकुटे वाचायचे आणि मालक आला की वर रजिस्टर ओढायचं, ही सवय रिटायर झाल्यावरही गेली नाही. घरात मालक नाही हे माझ्या हातांना अजून कोणी सांगितलेलं नाही. पोरगी एम. ए. झालेली. तिचा गैरसमज मी तसाच राहू दिला. (खरं सांगायचं तर थोडं खतपाणीही घातलं. वाचताना मधूनमधून उसासा टाकत असे.)

आता गेल्या महिन्यात दीप्तीनं आपल्या विहारात दर रविवारी सकाळी वाचनकट्टा सुरू केला. प्रत्येकानं आपल्या आवडत्या लेखकाबद्दल पाच मिनिटं बोलायचं, पुस्तक सोबत आणायचं आणि ज्याला हवं त्याला वाचायला द्यायचं. पहिल्या रविवारी पस्तीस माणसं जमली. दीप्ती म्हणाली, "सुरुवात बाबा करतील." मी चिरमाडे घेऊनच गेलो होतो. तीन आठवडे तो आतूनही वाचायचा प्रयत्न करून त्याची अकरा पानं झाली होती, त्यातलं एक प्रस्तावनेचं. तरी मी बावीस मिनिटं बोललो. माणूस, काळ, शून्य, असे शब्द एकामागून एक ठेवत गेलो. बिल्टीवर नग लिहावेत तसे. इथपर्यंत ठीक होतं. पण समोर टाळ्या वाजल्या आणि माझ्या अंगात काय आलं कोणास ठाऊक, मी म्हणालो, की खून, भुतं असलं वाङ्मय मी जन्मात हाती धरलेलं नाही. ज्याला विचार करायचा कंटाळा आहे त्यानं ते वाचावं.

आणि बसलो.

माझ्यानंतर देवरावजी उठले. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, वय एक्याऐंशी. त्यांच्यासमोर मोहल्ल्यातलं कोणी मोबाइलसुद्धा काढत नाही. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर विहीर, आणि विहिरीतून बाहेर आलेला हात. म्हणाले, "मी निशिकांत वरोकर वाचतो. भुताचे. प्रेमानंदजी म्हणतात तसा मले विचाराचा कंटाळा असन. पण बायको गेली तवापासून घर लय शांत राहते. पुस्तकात भूत आलं का मंग जरा कोणी असल्यासारखं वाटते." कोणी हसलं नाही. ताई, त्या क्षणी उठून सांगायला हवं होतं, की देवरावजी, गोदामात मलाही बोरकुट्यांचीच सोबत होती. पण बावीस मिनिटं शून्यावर बोललेल्या माणसाला उठता येत नाही.

मग सगळ्यांचीच भीड चेपली. पाठोपाठ लोक उठू लागले, आणि चिरमाड्यांच्या आसपासचंही कोणी निघालं नाही. शेवटी मयुरी उठली. सरकारी दवाखान्यात नर्स आहे, आपल्याच गल्लीतली. म्हणाली, मी बोरकुटेवाली. तिच्याकडे त्यांची अकराच्या अकरा पुस्तकं आहेत. अकरावं तिनं पिशवीतून काढलं, 'तेराव्या मजल्यावरचा चौदावा माणूस'. हे पुस्तक मी नऊ वर्षं इतवारीतल्या रद्दीच्या दुकानांत गुडघ्यांवर बसून शोधतो आहे. ती ते हातोहात फिरवत होती. माझ्यापाशी आल्यावर तिनं ते माझ्या नाकासमोरून पलीकडे देवरावजींना दिलं आणि आदरानं म्हणाली, "काका, हे तुमच्या कामाचं नाही."

त्याच दिवशी मला एकमतानं गंभीर साहित्य विभागाचा प्रमुख नेमलं. विभागात दुसरं कोणी नाही. दीप्ती मला तत्त्वज्ञानाचे ग्रंथ आणून देते. समोरचे शालिकरामजी, आयुष्यभर हातमागावर बसलेला माणूस, भाजीच्या ठेल्यापाशी मला गाठून विचारतात, "काहून गा प्रेमानंद, हे शून्य म्हणजे नेमकं काय राहते?" मी वांगी निवडत राहतो. ते याला माझं उत्तर समजतात, आणि माझी कीर्ती वाढत चालली आहे. रविवारी सगळे पुस्तकं बदलतात, खुनी कोण यावर भांडतात, चहा थंड होतो. मी कोपऱ्यात चिरमाडे मांडीवर घेऊन बसतो. पान सतरा.

असो. मन मोकळं करायला तुझ्याशिवाय कोणी नाही. मागणं काहीच नाही. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा भाऊ,
प्रेमानंद

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. मागच्या रविवारी मला राहवलं नाही. मी मयुरीला म्हणालो, की बोरकुटे माझ्या बहिणीला हवे आहेत. नरखेडकडे असते, रहस्य आणि भुताशिवाय तिला झोप येत नाही. पोरीनं लगेच तीन पुस्तकं दिली, अकरावंही त्यात आलं. तेव्हा कोणाचा फोन आलाच तर तू ती वाचतेस, एवढं लक्षात ठेव.

ता. क. २. फोन येणारच आहे. तू मुख्याध्यापिका असताना शाळेच्या वाचनालयातून असली पुस्तकं दोन पोती भरून रद्दीत काढली होतीस, हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. त्यामुळे पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी 'बोरकुटे आणि मी' या विषयावर तुझं व्याख्यान ठेवलं आहे. पत्रिकेत नाव छापून झालं. देवरावजी स्वतः तुला घ्यायला एसटी स्टँडवर येणार आहेत. दोन पुस्तकं तुमच्या गड्याच्या, कवडूच्या हातून पाठवतो, तो मोसंबीचे पैसे घ्यायला मंडीत आला की परत तिकडेच येईल. ताई, एवढं कर. पंधरा मिनिटं बोललीस तरी चालेल.

ता. क. ३. अकरावं पुस्तक पाठवत नाही, ते माझंच वाचून व्हायचं आहे. ग्रंथाच्या आत ठेवून वाचतो, त्यामुळे दीप्तीला काही पत्ता नाही. माझी खूण पान एकशे चाळीसवर आहे. आज उघडलं तर एकशे नव्वदवर दुसरी एक खूण निघाली, दीप्तीच्या ब्लाऊजच्या शिंप्याची पावती. विचारायची माझी हिंमत नाही. पण सकाळपासून ती चहा देताना माझ्याकडे पाहून हसून राहिली आहे, तेव्हा खुनी कोण ते तिला कळलेलं दिसतं.