गाढवांच्या दुकानाचं दार

३ जून, सोमवार
सकाळी दुकानाच्या दारात अकरा पिशव्या, एक पाय तुटलेला पाळणा, पाय शेकायचं यंत्र आणि माशांची काचेची पेटी. पेटीत पाणी होतं. मासे नव्हते, निदान दिसले तरी नाहीत. रात्री पाऊस झाला, वर कोल्ह्याने दोन पिशव्या फाडल्या, त्यामुळे कुणाचे तरी स्वेटर फुटपाथभर.
वरच्या मजल्यावर ऑर्मरॉडसाहेबांचा चष्म्यांचा दवाखाना. इमारतही त्यांचीच, आणि जिना आमच्याच दारात उतरतो. डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेल्या एक आजी धूसर नजरेने खाली आल्या आणि थेट पाळण्यात बसल्या. लागलं नाही. पण ऑर्मरॉड लालबुंद होऊन खाली आले. भाडेकरार अठ्ठावीस तारखेला संपतो, तोवर दार मोकळं दिसलं नाही तर जागा वाफेच्या सिगारेटवाल्याला देतो म्हणाले.
ग्लेनिस, आमची मॅनेजर, चहा कपाऐवजी बशीत ओतत होती. दुकान जाणार म्हणजे टेकडीवरच्या आश्रमातल्या एकतीस म्हाताऱ्या गाढवांचा चारा जाणार. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकूनच तर ती जगतात.
मी तिला सांगितलं, दार माझ्यावर सोड. निवृत्तीआधी अडतीस वर्षं नगरपालिकेच्या वाहनतळावर काढली. माणसांनी कुठे काय ठेवायचं नाही, हे सांगण्यातच माझी हयात गेली.
संकल्प: शुक्रवारपर्यंत विषय संपवणे.

४ जून
पाटी लावली. ‘दुकान बंद असताना दारात वस्तू ठेवू नयेत.’ लॅमिनेट करून. अक्षर अडीच इंची. ग्लेनिस म्हणाली, कृपया घाल. मी म्हटलं, कृपयाने घात होतो. शेवटी घातलं.

५ जून
नऊ पिशव्या. प्रत्येकीवर माफीची चिठ्ठी. ‘सॉरी, पाटी वाचली, पण मुलीला पोहायला न्यायचं होतं.’ ‘सॉरी, आई वारली, घर उद्या रिकामं करायचंय.’ एकाने तर माफीबरोबर शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा ठेवला होता. (चांगली होती.)
म्हणजे पाटी वाचली जाते. अर्धी लढाई जिंकली.

६ जून
पाटीत ‘कोणत्याही सबबीवर’ वाढवलं.

७ जून, शुक्रवार
सगळ्या पिशव्या पाटीच्या बरोबर खाली, भिंतीला टेकून, ओळीत. शिस्त आली आहे, हे मान्य केलं पाहिजे. त्यात एक लॅमिनेट करायचं मशीनही होतं.
ऑर्मरॉड जिन्यातून बघत होते. ग्लेनिस आत जाऊन रडली, बाहेर येऊन म्हणाली कांद्याचा वास आला. दुकानात कांदा कुठून येणार?

८ जून, शनिवार
विचार केला. खरा प्रश्न पिशव्या ठेवल्या जातात हा नाही, पिशव्या दिसतात हा आहे. पहाटे सहाच्या आत जाऊन सगळं गाडीत घालायचं आणि आपल्या गॅरेजमध्ये ठेवायचं. दुकानाची मागची खोली छतापर्यंत भरलेली, तिथे सुई शिरणार नाही. हळूहळू रोज दोन पिशव्या दुकानात न्यायच्या, आपल्याच घरच्या म्हणून.
ऍव्हरिलला सांगितलं, गुडघ्यांसाठी पहाटे फिरायला जाणार. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, माझ्यावर इतकी खूश कधी दिसली नव्हती.

१० जून, सोमवार
दार आरशासारखं लख्ख. ऑर्मरॉडनी स्वतःहून गुड मॉर्निंग केलं. ग्लेनिसने मला मिठी मारली, म्हणाली, लेन, तुझ्या पाटीने जादू केली रे. मी म्हटलं, शब्दयोजना महत्त्वाची असते.
पिशव्यांचं सांगणार होतो. पण ती इतकी आनंदात होती. आणि यशाचा सगळा तपशील सांगत बसू नये.

१३ जून, गुरुवार
काहीतरी चुकतंय. आज सव्वीस पिशव्या. दोन फेऱ्या माराव्या लागल्या.
ब्रेडच्या दुकानातल्या बाईंनी उलगडा केला. गावभर बोलबाला आहे म्हणे, की गाढवांच्या दुकानाने पहाटेची गाडी सुरू केली. झोपण्याआधी ठेवा, उजाडेपर्यंत उचललेलं. पलीकडच्या गावचे लोकही येतात. एवढी चोख सेवा नगरपालिकेने आयुष्यात दिली नाही, असं त्या म्हणाल्या, आणि तुम्ही तिथलेच ना, विचारा की, गादी घेतात का.
मी चौकशी करतो म्हटलं.

१४ जून
गादी आली.

१६ जून, रविवार
गॅरेज भरलं. गाडी रस्त्यावर. ऍव्हरिल गवत कापायचं यंत्र काढायला गेली आणि दार उघडताच तिच्या अंगावर पडद्यांचं अख्खं गाठोडं आलं. हे काय आहे, तिने अगदी शांतपणे विचारलं. तिचा शांतपणा मला ओळखू येतो. मी म्हटलं, गाढवांसाठी आहे. ती म्हणाली, गाढवं पडदे लावायला लागली का आता? मग गुडघ्यांबद्दल विचारलं.
तिची बहीण शनिवारी राहायला येणार होती. तिला येऊ नको म्हणून कळवलंय, कारण पाहुण्यांच्या खोलीत सहा सूटकेस, गादी आणि एक पियानो. छोटा आहे पियानो.
संकल्प: उद्यापासून रोज चार पिशव्या दुकानात नेणे.

१७ जून
पाठ धरली. एकही नेली नाही. पण पहाटेचं काम चुकवलं नाही. अकराच दिवस उरलेत. अकरा दिवस माणूस काहीही करू शकतो.

१९ जून, बुधवार
ऍव्हरिलने फोन पुढे केला. गावाच्या फेसबुक पानावर माझा फोटो. वाहनतळाचं भगवं चमकतं जाकीट (पहाटे गाड्यांना दिसावं म्हणून घालतो), एका काखेत टेबललॅम्प, दुसऱ्या हातात पिशवी, आणि का कोण जाणे, मी हसतोय. वर लिहिलंय, ‘मुक्या जनावरांच्या तोंडचा घास पळवणारा हा कोण?’ पाचव्या मिनिटाला कुणीतरी माझं नाव, गल्ली आणि घर नंबर लिहिला. दोनशे चौदा प्रतिक्रिया. वाहनतळावर माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेल्या ट्रेव्हरने लिहिलंय, मला नेहमीच संशय होता.
कसला संशय? वीस वर्षं माझ्या डब्यातली सँडविचेस खाल्ली त्याने.

२० जून
पोलीस आला. सभ्य माणूस, बूट बाहेर काढले. गॅरेज पाहून म्हणाला, बापरे. मी सगळं खरं सांगितलं. त्याने विचारलं, दुकानात हे कुणाला माहीत होतं? कुणालाच नव्हतं, हे बोलताना मला पहिल्यांदाच ते कसं ऐकू येतं ते कळलं.
ग्लेनिसला बोलावलं. ती गॅरेजसमोर बराच वेळ उभी राहिली. म्हणजे पाटीने नव्हतं झालेलं, एवढंच म्हणाली. मग पोलिसाला म्हणाली, हा चोर नाही हो, हा नुसता लेन आहे. गुन्हा नाही असं ठरलं. पोलीस निघाला तेव्हा समोरच्या सगळ्या घरांचे पडदे हलले, आणि तो आत कशाला आला होता हे कुणीच विचारलं नाही.
रात्री जेवण गेलं नाही. खूप लाज वाटली. ऍव्हरिलने माझी प्लेट झाकून ठेवली आणि पाठीवर हात ठेवला, त्याने जास्तच झालं.

२२ जून, शनिवार
गावच्या वर्तमानपत्राला खुलासा लिहिला. चार पानं, दाराच्या आकृतीसह. सोमवारी स्वतः नेऊन देणार. बुधवारी छापून येईल, गुरुवारी लोक माफी मागायला येतील. केक आणून ठेवावा.

२४ जून, सोमवार
निघणार तोच ग्लेनिस दारात. चहा घेतला. म्हणाली, लेन, तीन दिवस झाले, दारात मोजासुद्धा नाही. लोक दुकान उघडल्यावर येतात, पिशवी आमच्या हातात देतात, वर सांगतात, बाहेर ठेवायची सोय राहिली नाही, तो लेन हकाबी पळवतो. ऑर्मरॉड खूश आहेत. शुक्रवारी सही करणार, दहा वर्षांचा करार.
मी म्हटलं, बघ, मी सांगितलंच होतं ना.
मग ती कपात बघत बसली. ऍव्हरिलने सांगितलेलं ते पत्र पाठवलंस का, म्हणाली. नाही म्हटल्यावर तिने माझा हात धरला. तू चोर नाहीस हे एकदा कळलं की पुन्हा ढीग लागणार रे. एकतीस जनावरं आहेत, त्यातलं एक आंधळं.
मी म्हटलं, अर्थात, तात्पुरतं असेल तर. किती दिवस?
तिने बिस्किट मागितलं.

२८ जून, शुक्रवार
करार झाला. सहीच्या चहाला मला बोलावलं नव्हतं, ऑर्मरॉडना इमारतीत चोर नको आहे. ग्लेनिसने ऍव्हरिलबरोबर केकचा तुकडा पाठवला. करार संपेल तेव्हा मी शहात्तर वर्षांचा असेन. आमच्या घराण्यात माणसं भरपूर जगतात. काका एक्याण्णव जगले.
पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

२ जुलै, मंगळवार
ग्लेनिसचा फोन. आज सकाळी दारात एक पिशवी होती. लोक विसरायला लागलेत. तर रोज दुकान बंद व्हायच्या वेळी मी समोरून एक चक्कर मारू शकेन का? सावकाश. आणि फोटोतलंच जाकीट घालून, म्हणजे ओळख पटेल.
मी तिला स्पष्ट सांगितलं, मलाही काही मान आहे. ती म्हणाली, आहेच की लेन. मग मी किती वाजता यायचं ते विचारलं.

३ जुलै
पाच वाजता गेलो. पाऊस होता. एक बाई गाडीतून मोठी पिशवी काढत होत्या. त्यांनी मला पाहिलं, पिशवी परत डिकीत टाकली आणि गाडी आतून लॉक केली. ग्लेनिसने काचेतून अंगठा दाखवला, मग गिऱ्हाईक बघतंय म्हणून हात खाली घेतला. दार स्वच्छ होतं.
घरी आलो तर ऍव्हरिल मशीन लावत होती. ते जाकीट दे, धुऊन टाकते, म्हणाली.
म्हटलं, नको, उद्या लागणार आहे.