जावईबापूंचा अंदाज आणि भादरलेली म्हैस

गंगावेस, कोल्हापूर
मार्गशीर्षाची सुरुवात, सकाळपासून गारठा

श्रीमान विश्वजितराव जावईबापू यांना सासरे जोतीराम यांचा हात जोडून रामराम.

तुम्ही आणि आमची राजनंदिनी पुण्यात खुशाल असाल. व्याही आणि विहीणबाईंनाही नमस्कार कळवा. व्याह्यांचा गुडघा थंडीत धरतो असं ऐकून आहे, त्यांना जपा. (थंडी आहे, जावईबापू. तुम्ही नाही म्हणाला होतात, पण आहे.) इकडं माणसं सगळी बरी आहेत. म्हशीची तब्येत तुम्ही विचारली नसती, म्हणून मीच लिहितो. आमची गुलछडी कुडकुडते आहे, आणि तिला या अवस्थेला तुम्ही आणलं आहे. फोनवर जावयाला रागावता येत नाही, तोंडातून आपोआप "व्हय व्हय, बरोबर हाय" एवढंच निघतं. म्हणून कागद घेतला.

तुम्हाला माहीत आहे, सायकलीला किटल्या बांधून दारोदार दूध घालणारा मी माणूस. आज माझ्या नावाची डेअरी उभी आहे ती कुणाच्या वशिल्यानं नाही, या दोन कानांच्या जोरावर. म्हैस विकणारा पुढच्या दारी काय बोलतो ते सगळेच ऐकतात. मी मागच्या दारी त्याची बायको काय बोलते ते ऐकून सौदा करत आलो. तरी तुम्ही कंप्युटरची नोकरी सांभाळून मोबाईलवर हवामानाची 'आभाळवार्ता' सांगता, याचा मला अभिमान होता. कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला पेल्याबरोबर तुमचा अंदाज मी फुकट देत होतो.

आता येत्या रविवारी पेठ वडगावला जनावरांचं प्रदर्शन आहे. म्हशींच्या गटात रूपाला मार्क, आणि सगळ्यांसमोर धार काढून दुधाला मार्क. गेल्या खेपेची ढाल आमच्या शेजारच्या दिलदारभाईच्या म्हशीनं नेली. यंदा ती गुलछडी आणणार, असं मी आख्ख्या गल्लीत बोलून बसलोय. रूप म्हणजे काय, हे तुमच्या पुण्यात कळायचं नाही. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी भादरून, तेल चोळून, शिंगं रंगवून मिरवतात. म्हैस अशी काळीभोर चकाकली पाहिजे की तिच्या पाठीत बघून भांग पाडता यावा. पण पाडव्याला भादरलेली गुलछडी प्रदर्शन येईतो पुन्हा केसाळ झाली. परत भादरावी तर तोंडावर थंडीचे दिवस. म्हणून मोबाईलवर तुमचा अंदाज लावला. तुम्ही चष्मा सारखा केलात आणि म्हणालात, दक्षिण महाराष्ट्रात उकाडा कायम राहील, कोल्हापूरकरांनी स्वेटर बाहेर काढायची घाई करू नये. मी लगेच भादरणाऱ्या कृष्णातला बोलावून गुलछडीला गुळगुळीत करून घेतलं. (शेपटीचा गोंडा तेवढा ठेवला.)

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेचं वारं सुटलं. रंकाळ्यावर फिरायला जाणारी माणसं कानटोप्यांमुळं एकमेकांना ओळखेनात. गोठ्यात गुलछडी अशी थरथरत होती की तिच्या गळ्यातली घंटी थांबेना. आणि शेजारी दिलदारभाईची म्हैस, अस्वलासारखी केसाळ, निवांत रवंथ करत बसलेली.

कट्ट्यावर तोंड दाखवायची सोय उरली नाही. दिलदारभाई मफलर गुंडाळून आला आणि चार गिऱ्हाइकांत विचारता झाला, "जोतीरामभाऊ, जावयास्नी विचारा की, मफलर काढू का ऱ्हाऊ दे?"

मी म्हटलं, "हवामान हाय, चुकतंय कवातरी."

तर म्हणतो, "हवामान कुटं चुकलं? ते येळंवर आलंय. म्हशीची कापडं तुमी उतरवलासा."

सगळा कट्टा हसला. माझंच दूध पिऊन मला हसले.

त्या रागात मी तुमचा तो अंदाज परत लावून कान देऊन ऐकला. तुम्ही "थंडीची शक्यता नाही" म्हणता, त्याच वेळी मागं कुकरची शिट्टी होते, आणि शिट्टीच्या आड आमची राजनंदिनी म्हणते, "अवो, ती खिडकी लावा, गारठलो मी." तुम्ही खिडकी लावलीत, जावईबापू. कडी सरकल्याचा आवाज येतो. आणि खिडकी लावून परत येऊन कोल्हापूरला उकाडा सांगितलात. पुण्यात बायकोला थंडी आणि कोल्हापुरात सासऱ्याच्या म्हशीला उकाडा, मग हे वारं मधे कुठल्या घाटात चहाला थांबलं म्हणायचं?

पुढं तुम्ही खुलासा केलात की तुरळक ठिकाणी तापमानात घट होण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. मी जर गिऱ्हाइकाला म्हटलं की या दुधात तुरळक ठिकाणी पाणी असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तर तालमीतली पोरं मला म्हशीच्या दाव्याला बांधतील.

त्याच दिवशी मी फर्मान काढलं: 'आभाळवार्ता' या घरात, अंगणात आणि गोठ्यात लागणार नाही. तुमच्या सासूबाईंनी नुसता मोबाईल पदराखाली घेतला. आणि संध्याकाळी गुलछडीनं पान्हा चोरला. थंडी थेट कासेत उतरली. सरकी झाली, गूळ झाला, कोमट पाणी झालं, गोठ्यात शेगडी झाली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, गारठ्याचा धक्का आहे. शेवटी लग्नात व्याह्यांनी मला पांघरलेली मानाची शाल तिच्या पाठीवर टाकली.

तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "व्याह्यांची शाल हाय ती, काय वाटंल त्यास्नी?"

मी म्हटलं, "त्यांच्याच लेकानं भादराय लावलीया, त्यांनीच झाकू दे."

तरी बादली कोरडी. ती घेऊन रविवारी भर मैदानात, दिलदारभाईच्या शेजारी, मी उभा राहणार. तेव्हा यापुढं आपण आमच्या जिल्ह्याचा अंदाज सांगू नये. सांगली सांगा, सोलापूर सांगा, तिथले सासरे बघून घेतील.

राजनंदिनीला आशीर्वाद. राग आहे, पण तुमचा मान आहे तिथंच आहे.

आपला,
जोतीराम

ता. क. पाकीट चिकटवायला उठलो तर गोठ्यातून तुमचा आवाज आला. जाऊन बघतो तर मोबाईल गव्हाणीत, तुम्ही विदर्भाचं किमान तापमान सांगताय, आणि तुमच्या सासूबाईंच्या बादलीत फेस काठाला आलेला. विचारलं तर म्हणाल्या, "दसऱ्यापासनं जावयांच्या आवाजावरच पिळतोय की मी. तुमी त्यांचं बोलणं बंद केलासा, तिनं दूध बंद केलं." म्हणजे तिची थंडी शालीनं कधीच गेली होती. हे डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. दिलदारभाईला तर सांगणारच नाही.

आणखी एक ता. क. शनिवारीच राजनंदिनीला घेऊन मुक्कामाला यावं. प्रदर्शनात धारेच्या वेळी मोबाईल लावायला बंदी आहे. जावई उभा करायला बंदी नाही, मी चौकशी केली आहे. काय बोलायचं ते तुमच्यावर. थंडी म्हणा, उकाडा म्हणा, गारपीट म्हणा, आमची तक्रार नाही. फक्त बादली भरेपर्यंत थांबू नका.

शेवटचं. येतो म्हणून कळवायला धारेच्या वेळी फोन करू नये. फोनची घंटी वाजली की मोबाईलवर लावलेलं तुमचं बोलणं मधेच तुटतं, आणि गुलछडी मान वळवून माझ्याकडं बघत राहते.