चिंचेनं घासलेलं नाणं

कुंभकोणम्, गुरुवार संध्याकाळ

राग काढू तरी कुणावर? अक्का माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तिला काय बोलणार!

आजोबांचं तांब्याचं नाणं, तंजावरच्या राजांच्या वेळचं. त्याच्यावर काळपट तपकिरी थर चढला होता, आणि 'छत्रपति'मधल्या 'ति'वर एक हिरवा डाग. डाग धातू खात चालला होता, म्हणून चेन्नईच्या एका जाणकाराला दाखवलं. तो म्हणाला, "डाग काढतो, पण खालचं अक्षर वाचेलच असं नाही. घरी मात्र हात लावू नका. तो थर गेला की नाणं गेलं." मग मी सहा महिने घोळ घालत बसलो. 'ति' गेला तर?

शेवटी मन घट्ट केलं. उद्या पाठवायचं होतं. आमच्याकडे महत्त्वाची वस्तू घराबाहेर जाण्याआधी देवापुढे ठेवतात, म्हणून सकाळी मीच ते पूजेच्या ताटात ठेवलं.

दुपारी अक्कानं शुक्रवारसाठी समया, घंटा, ताट, सगळं चिंच आणि काथ्यानं घासून काढलं. नाणंसुद्धा. वर म्हणते, "देवापुढं मळकं कसं रे ठेवायचं?" आता ते नव्या तांब्याच्या लोट्यासारखं लखलखतंय. डाग गेला, थर गेला आणि 'ति'ही गेला.

चेन्नईला फोन केला. तो म्हणाला, "आता मी काय करणार?"

सहा महिने त्या माणसाच्या हाताला भीत राहिलो. आणि अक्का दर गुरुवारी चिंच भिजवते, हे काय मला ठाऊक नव्हतं?