रुमलीचा अंगठा

सोम. ६ ऑक्टो., पिंप्राळा
हिचा गुडघा बरा, आज जिना चढली. धुळ्याहून अक्काचा फोन: खोकला गेला, साखर तशीच. मी ठणठणीत. थकल्यात त्या दवाखान्यातल्या सिकलसेलच्या वह्या. बावीस वर्षं मीच लिहिल्या, शिकलो तेही लिहितालिहिता. आता दवाखाना चालवणारी संस्था नोंदी क्लाऊडवर, म्हणजे एका कंपनीच्या संगणकांवर, ठेवणार. पाड्यावरचं माणूस भुसावळच्या वीटभट्टीवर आडवं पडलं, तरी तिथल्या डॉक्टरला त्याची नोंद दिसेल. फार चांगलं.

गुरु. ९
सगळ्या पाड्यांच्या संमत्या तीन दिवसांत! छाती फुगवून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवल्या.
"नाना, घरटी एकच अंगठा?"
"कर्त्याचा. आपल्याकडं असंच चालतं."
"नव्या नियमात नाही. ज्याची नोंद, त्याचीच संमती."
घ्या! परत डोंगर.

शनि. ११
पहिलं घर रुमलीचं. गेल्या साली भट्टीवर कळ आली, तिथल्या डॉक्टरला आजार ठाऊक नाही, दोन दिवस तळमळली. तिच्यासाठीच तर हे सारं. कागद पाहून हसली.
"हातपाय मना दुखतस नाना, नि अंगठा सासराना?"
सासरा खाटेवरून: "मी काय परका शे का?"
"नही आबा, पन दुखनं मनं शे."
मग तिने हळूच विचारलं, "कोन कोन देखी?" पोरीचंही नाव वहीत आहे. उद्या सोयरिकीच्या वेळी कुणी उघडून पाहिलं तर?
करार वाचून सांगतो म्हटलं. अंगठा न घेताच उठलो. चहा मात्र पाजला तिने.

मंगळ. १४
कंपनीचा करार चष्मा पुसून वाचला. नोंदी देशातच राहतील, हे आहे. कोण उघडू शकेल? उघडल्याचं आम्हाला कळेल? करार मोडला तर नोंदी परत देऊन तिकडचं पुसणार? अवाक्षर नाही.
संस्थेचे चिटणीस वैतागले, "नाना, किती कीस काढाल? सही होऊ द्या."
"सही तुमची, पाड्यावर तोंड माझं."
हसले. सही थांबवली.

शुक्र. १७
बऱ्याच जणांनी आपापला अंगठा दिला, दोघींनी तर सही गिरवली! रुमलीचा निरोप: उत्तर आलं का? शाईचा पॅड पिशवीतच ठेवलाय. कंपनीला तेच तीन प्रश्न विचारून पत्र धाडलं. शेवट असा केला:
"आमच्या एक बाई भाऊबीज झाली की भट्टीवर निघतील. त्यांना उत्तर देऊन मगच अंगठा मागणार आहे. दोन ओळी का होईना, पण त्या निघायच्या आत लिहा."